पंगत उठेना

समस्त माजी विद्यार्थी, त्यांचे कुटुंबीय, तसेच रोडगे खाल्ल्यावर ज्यांना बसल्या जागी झोप लागते असे सर्व नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शाळेच्या होस्टेलात एका रविवारी बसलेल्या पंगतीविषयी सध्या ज्या कथा फिरत आहेत, त्या सगळ्या खोट्या आहेत. खरी हकीकत फक्त माझ्याकडे आहे. कारण त्या दिवशी वांग्याच्या भाजीची बादली माझ्या हातात होती.

हे जाहीर करायची वेळ यंदाच्या उन्हाळ्यात आली. अमरावतीला एका लॉनवर आम्हा जुन्या पोरांचा मेळावा झाला. पोरं म्हणजे आता टकली, ढेरपोटी, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन फिरणारी. एकानं माइक हातात घेऊन सांगितलं की त्या पंगतीत सर बेशुद्ध पडले होते. दुसरा म्हणाला, सर नाही, पाहुणे पडले होते. तिसऱ्यानं तर महाराजांनाच, म्हणजे आमच्या स्वयंपाक्यालाच पाडलं. मी खुर्चीवर उभा राहून खुलासा करणार, एवढ्यात बायकोनं सदऱ्याला धरून खाली ओढलं. म्हणून लिहायला बसलोय. इथे ती ओढू शकत नाही.

होस्टेल नांदगाव पेठेच्या रस्त्याला होतं. आता त्या बाजूला कापडाचे कारखाने झालेत. तेव्हा शाळा, शाळेमागे होस्टेल, होस्टेलमागे विहीर आणि विहिरीमागे तुरीची शेतं, संपली अमरावती. एका लांबलचक हॉलमध्ये आम्ही सगळे झोपायचो. प्रत्येकाच्या उशाशी पत्र्याची पेटी आणि पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली करदोट्याला. पेटीत घरून आलेले लाडू असायचे, आणि लाडू असलेल्या पेटीचा मालक रात्री अंगावर पांघरूण न घेता पेटीवर पांघरूण घालून झोपायचा.

तिथे कोणालाच नाव नव्हतं. ज्या गावाहून पेटी आली, ते गाव म्हणजे तुम्ही. मी अकोल्याचा, म्हणून अकोला. माझ्या शेजारी भातकुली. त्याच्या पलीकडे दर्यापूरची दोघं होती, त्यातलं एक मोठं दर्यापूर आणि एक लहान दर्यापूर. पहिल्यांदा आई मला भेटायला आली तेव्हा दारातल्या पोरानं तिला सांगितलं, "अकोला आंघोळीले गेला." आई घाबरलीच. ती स्वतः सकाळच्या गाडीनं अकोल्याहूनच निघाली होती.

वरण इतकं पातळ असायचं की त्यात तोंड पाहून भांग पाडता यायचा. भाकरी मात्र जाड. महाराजांचं म्हणणं असं की, एक पातळ असलं की दुसरं जाड पाहिजे, त्याशिवाय जेवणाला तोल येत नाही. महाराज मोर्शीकडचे, अंगानं दरवाजाएवढे, आणि स्वयंपाकाबद्दल कोणी काही बोललं की झारा हातात घेऊन ऐकायचे. त्यामुळे कोणी फारसं बोलत नसे.

आणि होते सर. आमचे विज्ञानाचे मास्तर आणि तेच होस्टेलचे वॉर्डन. तरुण, सडपातळ, अविवाहित. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावून झोपायचे. पहाटे उठून शिट्टी मारायचे. नुसती शिट्टी नाही, आगगाडी पुलावरून जाताना मारते तशी, लांब. मग विहिरीचं गार पाणी, मग सूर्यनमस्कार. संध्याकाळी पडद्यामागून हार्मोनियम. सरांना एकच ओळ वाजवता यायची, तीही शेवटच्या सुराआधी थांबायची. तो शेवटचा सूर काही केल्या यायचा नाही. आम्ही सगळे अंथरुणात पडून त्याची वाट बघायचो आणि वाट बघत झोपायचो.

आता ऐका. शाळेचा नियम असा होता की वॉर्डनचं लग्न झालं की त्याला शाळेच्या पलीकडच्या टोकाला क्वार्टर मिळायची. म्हणजे सरांचं लग्न झालं की शिट्टी जाणार, हार्मोनियम जाणार, पहाट आमची होणार. त्यामुळे सरांचं लग्न हा आम्हा सर्वांचा घरगुती प्रश्न झाला होता. पण जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, हॉल बघायचे, पडदा बघायचे, परत जायचे. जो माणूस एवढ्या पोरांच्या घोळक्यात झोपतो, त्याला घर कसलं आणि दार कसलं, असं कोणीतरी फाटकातच बोलून गेलं होतं. त्या दिवशी सरांनी हार्मोनियमला हात लावला नाही. आम्हाला चैन पडायला हवं होतं. पण पडलं नाही.

मग सर मोर्शीला मुलगी बघायला गेले आणि संत्र्यांची पिशवी घेऊन परत आले. आजवर कुठल्याही मुलीच्या गावाहून त्यांनी काही आणलं नव्हतं. आम्हाला एकेक संत्रं वाटलं, आणि वाटताना स्वतःशीच हसत होते. भातकुलीनं संत्र्याची फोड तोंडात टाकून निकाल दिला, "सर गेले कामातून."

मुलगी मोर्शीच्या बालवाडीत शिकवायची. तिला सर पसंत होते. तिच्या आईला पसंत होते. उरले वडील. आणि वडिलांबद्दलची बातमी महाराजांनी आणली, कारण ते त्यांच्याच भागातले. बातमी अशी की, ते गृहस्थ माणसाची परीक्षा पंगतीत करतात. पगार विचारत नाहीत, शिक्षण विचारत नाहीत. सोबत बसून जेवतात आणि बघतात. आधीचं एक चांगलं नोकरदार स्थळ त्यांनी याच कारणानं परत पाठवलं होतं. मुलगा हुशार होता, देखणा होता, पण पंगतीत बुजुर्ग बसलेले असताना तो आधी उठला आणि हात धुवायला गेला. झालं.

"तर सर," महाराज झाऱ्यानं हवेत रेघ ओढत म्हणाले, "काकाजी उठल्याबिगर तुमी हालायचं नाई. छत पडलं तरी नाई."

सरांनी मान हलवली. विज्ञानाचे मास्तर असून त्यांनी एवढ्या श्रद्धेनं मान हलवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

रविवार ठरला. बेत ठरला रोडग्यांचा. वऱ्हाडात पाहुण्याला खरंच मान द्यायचा असेल तर दुसरा बेत ठरूच शकत नाही. तेल लावून घड्या घातलेले कणकेचे मोठे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, वरून गरम राख ओढायची. भाजले की पोत्यात घोळून राख झाडायची, मुठीनं फोडायचे आणि त्यावर तूप. सोबत वांग्याची भाजी, तर्री वर तरंगणारी. रोडगा तोंडात असेपर्यंत हलका लागतो. पोटात गेला, त्यावर पाणी पडलं, की तो आतल्या आत फुगतो आणि आपली जागा मागतो. हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही आम्ही पाणी पितो.

पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, सकाळच्या एसटीनं एकटेच आले. धोतर, टोपी, हातात पुन्हा संत्र्यांची पिशवी. अंगानं अगदी काडी. मला वाटलं, हे काय खाणार? सरांनी वाकून नमस्कार केला. पाहुण्यांनी हॉल पाहिला, पडदा पाहिला. हार्मोनियमकडे बोट करून वाजवता का म्हणून विचारलं. सर म्हणाले, थोडं. सगळा हॉल खाली बघत होता.

जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम भातकुलीकडे आलं. भातकुली शिस्तीचा पोरगा. त्याला वाटलं, पाहुण्यांवर होस्टेलची छाप पडली पाहिजे. म्हणून त्यानं पाणी घालता घालता आमच्या जेवणाचे नियम पाठ म्हणून दाखवले. ताटात टाकायचं नाही. बोलायचं नाही. आणि सर उठल्याशिवाय पंगतीतलं कोणीही उठायचं नाही, मग तो कोणी का असेना.

"कोणीच नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"मागं हेडसरही बसून राहिले होते," भातकुलीनं छाती काढून सांगितलं.

पाहुण्यांना हे फार आवडलं. ज्या घरात रीत असते तिथेच पोरगी सुखी राहते, असं ते हात पुसता पुसता बोलले. भातकुली उड्या मारत मला सांगायला आला. आम्हा दोघांनाही काही शंका आली नाही. आता आली असती. तेव्हा आम्ही आठवीत होतो.

पंगत बसली. झाडाखाली पट्ट्या अंथरलेल्या, समोर पत्रावळी. एका बाजूला सर, त्यांच्या बरोब्बर समोर पाहुणे, आणि दोन्हीकडे लांबवर पोरं. आम्ही काही जण वाढायला. आता आमच्या वाढण्याबद्दल सांगतो. वाढू का, असं आमच्याकडे विचारत नाहीत. विचारणं म्हणजे कंजूषपणा. पत्रावळीचा तळ दिसला की वाढायचं. पाहुण्यानं दोन्ही हात आडवे धरले तर बोटांच्या अगदी जवळ गरम भाजीचा एक थेंब पाडायचा. हात आपोआप वर जातात. माझा या कलेत हातखंडा होता. त्यात महाराजांनी बजावून ठेवलं होतं की आजच्या दिवशी पाहुण्याची पत्रावळ क्षणभरही रिकामी दिसली तर रात्री कोणाला भाकरी मिळणार नाही.

पहिला भाग छान गेला. पाहुण्यांनी रोडगा फोडला, तुपात बुडवला, डोळे मिटले. काडीसारखा माणूस पण खाणारा निघाला. सरांनीही तोडीस तोड खाल्लं. पाहुणे सरांकडे बघत होते, सर खाली बघत होते, सगळं रीतसर चाललं होतं. मग दोघांच्या पत्रावळी साफ झाल्या, आणि इथून सगळं बिघडलं.

पाहुणे थांबले. सर कधी उठतात याची वाट बघत थांबले. सर थांबले. काकाजी कधी उठतात याची वाट बघत थांबले. दोघांच्या पत्रावळींचा तळ दिसत होता. मी बादली घेऊन धावलो, माझ्यामागे रोडग्यांची परात.

त्यांनी खाल्लं. टाकायचं नाही हा नियम. पुन्हा थांबले. पुन्हा तळ दिसला. पुन्हा मी.

असं काही वेळ चाललं. मग माझ्या लक्षात आलं की पंगतीतलं कोणीच हलत नाही. पोरं केव्हाची जेवून बसली होती. त्यांचे पाय बधिर व्हायला लागले होते. लहान दर्यापूर एका बाजूला कलंडून झोपलं होतं. मोठ्या दर्यापूरला लघवीला लागली होती आणि तो आभाळाकडे बघून पाढे म्हणत होता. शाळेतली दोन कुत्री येऊन थोड्या अंतरावर बसली, त्यांना वाटलं आता संपलं. बराच वेळ वाट बघून तीही निघून गेली.

मी पाहुण्यांसमोर भाजी वाढायला वाकलो तेव्हा त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "बापू, तुमचे सर केव्हा उठतात?"

मी सरांसमोर वाकलो तेव्हा सर पुटपुटले, "काकाजी उठायच्या बेतात दिसतात का रे?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सरांच्या कानाशी लागून सांगितलं की सर, ते तुमच्यासाठी थांबले आहेत, आपला नियम भातकुलीनं त्यांना सांगितला. सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठांवर तूप होतं.

"तुले समजत नाई," ते म्हणाले. "परीक्षा चालू हाये. हाच तं पेपर होय."

मग मी पाहुण्यांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं की सर तुमच्यासाठी थांबले आहेत, तुम्ही मोठे. पाहुण्यांनी धोतराची गाठ जरा सैल केली. म्हणाले, असं सगळेच म्हणतात बापू, पण मी मुलीचा बाप. लग्नाच्या बोलणीसाठी आलो आणि मीच या घरची रीत मोडून उठलो, तर उद्या माझ्या मुलीला लोक ऐकवतील. मी नाही उठत.

मी भातकुलीकडे पाहिलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आपण फक्त नियम सांगितला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी म्हणालो, तांब्या बाजूला ठेव, पाणी नको पाजू कोणाला. पण तेवढ्यात पाहुण्यांनी पाणी मागितलं, आणि पाहुण्याला पाणी नाही कसं म्हणायचं? सरांनीही मागितलं. दोघंही गटागट प्यायले. आता आत काय होत असेल हे मला माहीत होतं. दोघांच्याही चेहऱ्यावर ते हळूहळू यायला लागलं. सरांचे डोळे मोठे होत गेले. पाहुणे मागे रेलून झाडाकडे बघू लागले, जणू त्याच्या फांद्या मोजतायत.

मी स्वयंपाकघरात धावलो. म्हटलं, महाराज, रोडगे संपले म्हणा. एक शब्द बोला, दोघं जिवंत राहतील. महाराज हातातली परात ठेवून माझ्याकडे वळले. त्यांच्या हातचं आजवर कधी कमी पडलं नव्हतं आणि त्यांच्या भागाच्या होणाऱ्या जावईबुवाच्या, म्हणजे सरांच्या, पंगतीत तर पडणारच नव्हतं. त्यांनी कणकेचा डबा पालथा केला, नवे गोळे केले आणि आणखी गोवऱ्या पेटवल्या. खिडकीतून धूर आला तेव्हा तो बघून सरांनी डोळे मिटून घेतले.

तुम्हाला वाटेल, यात गंमत काय? तेव्हा गंमत नव्हती. सरांचं सगळं त्या पत्रावळीवर अडकलं होतं. बालवाडीत शिकवणाऱ्या त्या मुलीचं गाव सोडून सरांनी कुठूनही संत्री आणली नव्हती. उठले तर ती गेली, आणि बसले तर स्वतःच गेले. पंगतीतल्या प्रत्येक पोराला हे कळत होतं. कोणी हसत नव्हतं. मोठं दर्यापूरही पाढे म्हणायचं थांबलं होतं. शिट्टी, हार्मोनियम, पहाटेची झोप, कोणाच्या डोक्यात त्यातलं काही नव्हतं. आम्हाला फक्त सरांचं लग्न व्हायला हवं होतं.

मग महाराज स्वतः बाहेर आले. अशा वेळी ते कधी बाहेर येत नसत. त्यांच्या हातात निखाऱ्यातून काढलेला शेवटचा रोडगा होता, आणि तो सगळ्यात मोठा होता, कारण उरलेली सगळी कणीक त्यांनी त्यातच घातली होती. दिसायला लहान कलिंगडासारखा. दोघांच्या मधोमध उभं राहून त्यांनी तो मुठीच्या एका ठोशानं फोडला. अर्धा पाहुण्यांच्या पत्रावळीवर. अर्धा सरांच्या. दोन्हीवर तुपाची धार.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. लग्न वैशाखात मोर्शीला झालं. आम्ही सगळे गेलो. मांडवात मुलीचे वडील भेटेल त्याला धरून एकच सांगत होते की, मला जावई पसंत पडला तो त्याच्या खाण्यामुळे नाही, बसण्यामुळे नाही, तर त्या वेळी त्याच्या तोंडून जे निघालं त्यामुळे. ज्याच्या पोटात रोडगा मावत नाही पण माझी मुलगी मावते, त्याला आणखी काय विचारायचं, असं ते म्हणाले आणि पोट धरून हसले. सर क्वार्टरमध्ये राहायला गेले. त्यांच्या जागी नवे वॉर्डन आले, सैन्यातून निवृत्त झालेले. ते शिट्टी मारत नसत. त्यांच्याकडे बिगुल होता.

तर तो अर्धा रोडगा. त्यातून वाफ निघत होती. पाहुण्यांनी एक घास तोडला, हातात धरला, तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. समोर सरांनीही घास धरला होता. दोघांची नजरानजर झाली.  सकाळपासून ते पाहुण्यांना काकाजी म्हणत होते. होकार आलेला नव्हता, त्यामुळे काकाजीच म्हणणं रीतीला धरून होतं. आमच्याकडे मामाजी म्हणतात ते सासऱ्याला, आणि तो शब्द सोयरीक पक्की झाल्याशिवाय कोणी तोंडात आणत नाही. सरांनी घास खाली ठेवला. दोन्ही हात जोडले, तुपानं माखलेले. आणि सगळ्या पंगतीला, स्वयंपाकघराला, विहिरीपलीकडच्या तुरीलाही ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलून गेले,

"मामाजी, आता तुमी उठा न बावा. मी इथीच फुटलो तं पोरगी कोणाले द्यान?"